जाकिटावरचा दोर

वनिताताईला राग येतो असं कोणी म्हटलं की मला हसू येतं. येण्यासाठी तो आधी जायला तर हवा. कशेळ्याच्या बाजारात ती भाजी घेऊन बसते आणि काकडी दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला "घरी जाऊन बायकोचे पाय दाब" असं तोंडावर ऐकवते. गिऱ्हाईक तरीही तिच्याकडेच येतं, कारण तिची भाजी सकाळी तोडलेली असते आणि वजन चोख असतं. मागच्या पावसाळ्यात मुंबईच्या पिकनिकवाल्यांनी तिच्या खळ्यात गाडी लावली आणि वर धबधब्यावर गेले. वनिताताईनं गाडीच्या दरवाजाला म्हैस बांधली आणि लावणीला निघून गेली. संध्याकाळी पोरं भिजून, कुडकुडत परत आली, तर म्हैस शिंगं रोखून उभी. ताई बांधावरून ओरडली, "सोडा की! मी कुठं नाय म्हनते?" एकाचीही छाती झाली नाही.

मी किरण. कशेळ्याला नाक्यावर माझं पंक्चरचं दुकान आहे. आमच्या भागात कोणी बुडालं की ठाण्यातून पहिला फोन नवनाथला जातो आणि नवनाथचा मला, कारण दोर, ट्यूबा आणि बॅटऱ्या माझ्या दुकानात असतात. नवनाथ म्हणजे वनिताताईचा धाकटा भाऊ. कशेळे-कर्जत जीप चालवतो आणि बुडालेली माणसं बाहेर काढतो. जिवंत कमी, मेलेली जास्त. हे काम करायला त्याला कोणी नेमलेलं नाही. त्याचा बाप करायचा, म्हणून तो करतो. बहिणीच्या वाट्याला सगळा राग गेला आणि याच्या वाट्याला काहीच उरलं नाही, असा हा माणूस. जीपमध्ये कोणी उलटी केली तरी "राहू दे, धुईन" म्हणतो.

मला मात्र राग येतो, आणि मी तो लपवत नाही. पाटी लावलेली असते, तारेचं कुंपण असतं, गावातली बाई ओरडून सांगत असते की बाबांनो, पुढं खोल आहे, आणि हे बाटली नाचवत उड्या मारतात. मग वरती त्यांचे मित्र मोबाईल धरून रडतात आणि आम्हाला विचारतात, "इतका वेळ का लागतोय?" अरे, तुझा मित्र खाली कपारीत अडकलाय आणि माझा मित्र त्याला हातानं चाचपत शोधतोय. पाणी चहासारखं लाल आहे. वेळ लागणार.

आमच्याकडची एक रीत इथं सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळायचं नाही. पाण्यात जो उतरतो, त्याच्या अंगावरचा दोर घरच्याच माणसाच्या हातात असतो. परक्याच्या हातात द्यायचा नाही. पोलीस कितीही म्हणोत की चार दांडगे जवान आहेत, त्यांना धरू द्या, आम्ही ऐकत नाही. जवान दांडगा असतो, पण त्याचं अर्धं लक्ष साहेबाकडे असतं. घरच्या माणसाचे डोळे दोरावरून हलत नाहीत. नवनाथच्या बापाचा दोर आई धरायची. नवनाथची बायको सुंदरा एकदा धरायला बसली आणि दोर ताणला तशी चक्कर येऊन पडली. तेव्हापासून वनिताताई धरते. गाठही तीच मारते, काखेतून छातीभोवती, पाठीवर घट्ट. दोराची भाषा ठरलेली. एक झटका म्हणजे ठीक आहे, दोन म्हणजे ढील दे, लागोपाठ म्हणजे ओढ.

गेली कित्येक वर्षं नवनाथ छातीत दम भरून, हातात दगड धरून तळाला जायचा आणि दगड सोडून वर यायचा. दम संपला की वर, पुन्हा खाली. कान गेल्यातच जमा आहे, डाव्या बाजूनं बोललात तर तो नुसता हसतो. मग मुंबईच्या एका संस्थेनं त्याला सिलिंडर आणि जाकीट दिलं. पाण्याखाली घालायचं ते जाकीट, त्यात हवा भरली की माणूस वर येतो, सोडली की खाली जातो, आणि बेतानं भरली तर मधेच तरंगत राहतो. छातीवरून एक नळी येते, तिला दोन बटणं. एकानं हवा भरायची, दुसऱ्यानं सोडायची. खिशात शिशाचे तुकडे, वजनाला. संस्थेची सुप्रिया नावाची मुलगी त्याला एका रिसॉर्टच्या तलावात चार दिवस शिकवून गेली. स्वतः समुद्रात उतरणारी, कामात पक्की. जाताना म्हणाली, हे वापरून बघा, मग आम्ही येऊन तुमचा अनुभव रेकॉर्ड करू. तुम्हाला उपयोगाचं वाटलं तर तुमच्या बाकीच्या पोहणाऱ्यांनाही एकेक देऊ. नाही वाटलं तर हेही घेऊन जाऊ, दुसरीकडे कामाला येईल.

वनिताताईनं जाकीट पहिल्यांदा पाहिलं ते नवनाथच्या अंगणात, दांडीवर वाळत घातलेलं. बोटानं टोचून म्हणाली, "ह्या पिशवीच्या जिवावर तू खाली जानार?"

शिकवणीनंतर पहिल्यांदा नवनाथ ते घालून गावाजवळच्या तळ्यात उतरला, नुसता सरावाला. सुप्रिया अजून गेली नव्हती, ती काठावर होती, दोर नव्हताच. वर आला तो लहान पोरासारखा बोलत सुटला. मी त्याला एवढं बोलताना लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. "किरण, मधे थांबता येतं रं! तळाला पाय लागतच नाय. गाळ उठत नाय. आपन गाळ उठवतो आनि मग आपल्यालाच दिसत नाय, आतापत्तूर तेच करत आलो." शिसं मात्र जास्त झालं होतं. सुप्रियानं समुद्राच्या सवयीनं घातलं होतं, रिसॉर्टच्या उथळ तलावात ते जाणवलं नव्हतं, आणि आपल्या गोड्या पाण्यात तेवढं लागत नाही. तिनं लगेच हसून दोन तुकडे काढून टाकले.

दुसऱ्यांदा खरं काम होतं. धरणात एक मच्छीमार होडीतून पडला होता. पोलिसांची बोट होती, नवनाथ बोटीवरून उतरला, दोर नुसता मनगटाला. वनिताताई काठावर बसून पोलिसांना शिव्या घालत होती की दोर माझ्या हातात का नाही. नवनाथनं अर्ध्या तासाच्या आत माणूस शोधला, जाकिटात हवा भरली आणि त्याला मिठीत घेऊन सावकाश वर आला. गळ टाकावा लागला नाही. गळानं माणूस निघतो, पण कसा निघतो ते घरच्यांना बघवत नाही. त्या मच्छीमाराच्या बापानं नवनाथचे हात धरले. नवनाथ मला नंतर म्हणाला, दोष म्हणशील तर आहेत, खिशाच्या चेनीत वाळू जाते, पाण्यावर उभं राहिलं की जाकीट हनुवटीला टेकतं, पण हे जाकीट आधी मिळालं असतं तर माझा कान शाबूत असता.

तिसऱ्या वेळी घोळ झाला.

गणपती नुकतेच गेले होते. वरच्या कोंडीत, म्हणजे धबधब्याखालच्या डोहात, एक कॉलेजचा मुलगा गेला. पाणी वरून कोसळत होतं, खाली फिरत होतं. वनिताताईनं आधीच जाहीर केलं की या वेळी दोर मी बांधणार आणि कोणी मधे पडला तर त्यालाच बांधीन. नवनाथनं जाकीट चढवलं, आणि तिनं त्याच्यावरून दोर घेतला, काखेतून छातीभोवती, पाठीवर गाठ. मागच्या वेळचा राग होताच, त्यामुळे पाय लावून दुपटीनं आवळली. आम्ही सगळे बघत होतो. मीही बघत होतो. कोणाला काही वावगं वाटलं नाही, कारण दोर असाच बांधतात.

तो खाली गेला. दोर सुटत गेला, थांबला. एक झटका आला, ठीक. मग बराच वेळ काही नाही. मग दोर एकदम ताणला गेला, आणि वनिताताई ओरडली, "वढा! माझा भाव गेला, वढा!" आम्ही पाच जणांनी ओढला. मधे दोर थरथरला, पण धबधब्याच्या त्या गोंगाटात आणि तिच्या ओरडण्यात कोणाला काय कळणार. नवनाथ खडकावर घासत वर आला. तोंडातली श्वासाची नळी निघाली होती, ओठ जांभळे, डोळे उघडे पण बघत नव्हते. मी विळ्यानं दोर कापला, जाकिटाचे पट्टे सोडले. त्यानं एक श्वास घेतला, त्याचा आवाज अजून माझ्या कानात आहे.

वनिताताईनं ते जाकीट खडकावर टाकलं आणि त्याच्यावर लाथा मारायला लागली. "ह्यानं मारला असता! ह्या मुडद्यानं मारला असता माझ्या भावाला!" पोलीस, पिकनिकवाले, सगळे बघत राहिले. तो कॉलेजचा मुलगा दुसऱ्या दिवशी आपणहून वर आला.

त्यानंतर कशेळ्यात दुसरा विषय नव्हता. वनिताताई भाजी तोलता तोलता लोकांना सांगायची की शहरातल्या लोकांनी आपल्यावर प्रयोग केला, फाटकं जाकीट आपल्या माथी मारलं. जाकीट फाटकं नव्हतं, पण तिला ते सांगणार कोण? आमच्यातले पोपट आणि नामा, जे दगड धरून उतरतात, तेही म्हणाले की आपला दगडच बरा. मी नवनाथला विचारलं, खाली झालं काय नक्की? तो म्हणाला, "दम कोंडला." एवढंच. पुन्हा विचारलं तर डावा कान माझ्याकडे केला.

मग सुप्रियाचा फोन आला की रविवारी येतोय. वनिताताईनं रविवारचा बाजार सोडला. हे मी तिच्या आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलं. सकाळपासून माझ्या दुकानात बाकावर ठाण मांडून बसली. "माझ्या भावानं ते पुन्ना अंगाला लावलं तर बघ," ती मला बजावत होती, जसं काही मीच ते शिवलं होतं. तिच्या दृष्टीनं प्रश्न एवढाच होता. बाकीच्यांना जाकिटं मिळोत न मिळोत, नवनाथ ते घालून पुन्हा खाली जाता कामा नये.

सुप्रिया आली, बरोबर कॅमेऱ्याचा एक माणूस. ती खुर्चीवर बसायच्या आत ताईनं सुरुवात केली. सगळं काढलं. पार मुंबईच्या लोकांपासून ते रिसॉर्टवाल्यांनी अडवलेल्या वाटेपर्यंत. सुप्रियानं ऐकून घेतलं. तिचाही चेहरा तापत चालला होता, ते दिसत होतं. शेवटी ती म्हणाली, "झालं? आता मला दाखवा. नवनाथदादा, जाकीट घाला."

त्यानं घातलं. तिनं सिलिंडर जोडला आणि बटण दाबून जाकीट पुरतं फुगवलं. "श्वास घ्या." त्यानं घेतला. काही झालं नाही. तिनं हवा सोडली. जाकीट लुळं पडलं.

"आता दोर बांधा. त्या दिवशी बांधला तसाच."

"कशाला?" वनिताताई म्हणाली.

"बांधा ना. तुम्हीच बांधा."

ताईनं माझ्या खुंटीवरचा दोर ओढला आणि बांधला. काखेतून, छातीभोवती, पाठीवर, पाय लावून. सुप्रियानं बटण दाबलं. जाकीट फुगायला लागलं, पण बाहेर फुगायला त्याला जागाच नव्हती. ते आत फुगलं. नवनाथनं श्वास घ्यायला तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. मान ताठ झाली, गळ्याच्या शिरा वर आल्या. ट्यूबा फुगवण्यात माझा जन्म गेला, आणि माझ्याही डोक्यात हे आलं नव्हतं. सुप्रियानं लगेच दुसरं बटण दाबून हवा सोडली.

 वनिताताई आपल्याच गाठीकडे बघत होती.

मग ती उसळली, आणि खरं सांगतो, मला ते पटलं. "मग सांगितलं का नाय? चार दिवस शिकवलंस ना गं? तवा दोर कुटं होता? रिसॉर्टच्या तळ्यात शिकवलंस! आमी तळ्यात मरतो का? आमी दोराबिगर उतरतच नाय, ते तू इचारलंस?"

"नाही विचारलं," सुप्रिया म्हणाली. "विचारायला हवं होतं."

"आता म्हनतेस! माझा भाव वर आला म्हनून म्हनतेस!"

 कॅमेऱ्यावाला कॅमेरा खाली ठेवायला लागला, तर नवनाथ म्हणाला, "राहू दे चालू." तो दोर सोडवत होता.   तो ताईकडे वळला, आणि त्याचा आवाज मी ओळखलाच नाही.

"तिला कशाला बोलतेस? दोन झटके दिले मी, ताई. दोन! हवा भरली तशी छाती चेंगरली, म्हनून दोन झटके दिले, ढील दे म्हनून. तू वढलंस. हवा सोडली तर शिशानं खाली चाललो, दोर आनखी रुतला. परत दोन झटके दिले. तू परत वढलंस! बाच्या टायमापासनं दोन म्हंजे ढील. तुला म्हाईत नाय?"

"मला वाटलं तू—"

"तुला वाटलं! मी खालनं सांगतोय ते नाय आयकायचं, तुला काय वाटतंय तेच खरं! लहान होतो तवापासनं तेच. ताप आलाय वाटतं, भूक लागलीय वाटतं, बुडालाय वाटतं! दोर तुझ्या हातात देतो तो तू आयकशील म्हनून देतो!"

सगळ्या रस्त्याला ऐकू गेलं. नाक्यावरचे जीपवाले उठून उभे राहिले. एवढ्या वर्षांत नवनाथ ओरडलेला कोणी ऐकला नव्हता, आणि ओरडला तो कोणावर, तर वनिताताईवर.

मी वाट बघत होतो की आता ही फुटणार. ती फुटली नाही. पुढं आली आणि त्याच्या अंगातलं जाकीट काढायला लागली. पट्टे ओढून काढले, आणि साडीवर स्वतः चढवलं. तिला ते कुठूनही बसत नव्हतं. मग दोर माझ्या हातात दिला.

"बांध."

"ताई, कशाला आता—"

"बांध म्हनते ना, किरण! मी बांधते तसा."

मी बांधला. खरं म्हणजे सैल बांधला. तिनं हात घालून बघितलं, मला एक शिवी दिली आणि म्हणाली पाय लाव. मी पाय लावला. "फुगव गं," ती सुप्रियाला म्हणाली. सुप्रियानं नवनाथकडे पाहिलं.  सुप्रियानं बटण थोडंसं दाबलं. "आनखी," ताई म्हणाली. आणखी दाबलं. ताईचे डोळे मोठे झाले. तोंड उघडलं, पण त्यातून काही निघालं नाही, शिवीसुद्धा नाही. तिनं दोन्ही हातांनी दोर धरला. सुप्रियानं लगेच हवा सोडली, आणि नवनाथनं माझ्या हातातून दोर हिसकून गाठ सोडायला घेतली.

ताईला खोकला आला. खोकला संपल्यावर तिनं नवनाथच्या खांद्यावर एक सणसणीत चापट मारली.

"हे सोसून वर आलास आनि गप ऱ्हायलास? इतके दिस मी त्या जाकिटाला शिव्या घालते, आख्ख्या बाजाराला सांगते, आनि तू गप?"

"तुला कळलं असतं तर तू दोर धरला नसतास परत."

"मग नसता धरला!"

"मग कोनी धरायचा?" नवनाथचा राग अजून गेला नव्हता. "पोलिसांनी? सुंदरा बसली की पडते. मला दोर तुझ्याच हातात पायजे. पन मी सांगतो ते आयकायचं. जमत आसंल तर सांग. नायतर हे घेऊन जाऊ दे हिला, मी दगड धरून जातो, उजवा कान हाय अजून."

वनिताताईनं जाकीट उतरवलं. सुप्रियाच्या पुढ्यात धरलं. सुप्रियानं पाठीकडच्या पट्ट्यावरची एक लोखंडी कडी दाखवली. दोर कधीही जाकिटावरून छातीभोवती नाही बांधायचा, इथं अडकवायचा, म्हणजे जाकीट फुगायला मोकळं राहतं. ताईनं कडीत दोन बोटं घातली आणि पायाखाली जाकीट दाबून सगळ्या जोरानं ओढली. कडी निघाली नाही. मग शिवण तपासली, मग दुसऱ्या बाजूची शिवण. "आनि ही तुटली तर?"

"नाही तुटणार."

"तुटली तर तुझ्या घरी येईन, पत्ता देऊन जा."

सुप्रिया त्या दिवशी पहिल्यांदा हसली, पण ताई हसली नाही. कॅमेऱ्यावाल्यानं कॅमेरा नवनाथकडे वळवला. सुप्रियानं विचारायचं ते विचारलं. तीन वेळा वापरलंत, कसं वाटलं? नवनाथनं सगळं सांगितलं, त्याला सांगायची घाई नव्हती. गाळ उठत नाही ते, माणूस गळाशिवाय काढता आला ते, खिशातली वाळू, शिसं. छातीवरून दोर बांधला तर हे जाकीट माणूस मारतं, हे त्यानं दोनदा सांगितलं आणि म्हणाला, "हे सगळ्यांना दाखवा. आमच्यासारखं नदीत उतरनारे सगळीकडं हायेत, सगळे दोर असाच बांधतात."

"मग पुढच्या वेळी हे घालून उतराल?"

नवनाथ कॅमेऱ्याकडे न बघता बहिणीकडे बघायला लागला. उत्तर तिनं दिलं.

"उतरंल," ती म्हणाली. "आनि त्यानं ढील मागितली तर मी ढील देईन. मला वरनं काय बी वाटू दे. हात तुटले तरी वढनार नाय."

एवढं बोलून ती दुकानाच्या पायरीवर बसली, पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली. नवनाथ तिच्याशेजारी जाऊन बसला, तर त्याला कोपरानं ढकललं. रडता रडता ती सुप्रियाला शिव्या घालत होती, आणि मधेच थांबून विचारत होती की दोर धरायचं शिकवायला कधी येतेस, आणि तळ्यावर नको, कोंडीवर ये.